खेळाडू जातात, निष्ठा राहते : मिशिगन विद्यापीठाचे फुटबॉल व बास्केटबॉल संघ आणि त्यांचे चाहते

नवी दिल्ली : जगातील सर्वाधिक आसनक्षमतेच्या क्रीडागारांच्या यादीत अहमदाबादचे नरेंद्र मोदी स्टेडियम अग्रस्थानी आहे. त्याच यादीत वरच्या क्रमांकांवर असलेले, अमेरिकेतील सर्वांत मोठे मिशिगन स्टेडियम मात्र कोणत्याही व्यावसायिक संघाचे नाही. ते मिशिगन विद्यापीठाचे आहे. त्याची अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१ इतकी आहे. म्हणजे मुंबईच्या वानखेडे स्टेडियमच्या तिपटीहून अधिक. ज्या ॲन आर्बर शहरात ते उभे आहे, त्या शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख २४ हजार होती. सामन्याच्या दिवशी जवळजवळ एक अख्खे शहर त्या वाडग्यासारख्या मैदानात उतरते आणि सायंकाळी पुन्हा पांगते.

भारतीय वाचकाला हे दृश्य काहीसे अनोळखी वाटेल. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांची परंपरा जुनी आहे. क्रिकेटमधील रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासून खेळला जात आहे. तथापि, या स्पर्धांना तिकीट काढून येणारा, पिढ्यान्पिढ्या एकाच विद्यापीठाच्या संघाची बाजू घेणारा प्रेक्षक लाभलेला नाही. अमेरिकेत नेमके तेच घडले. तेथील विद्यापीठांचे फुटबॉल आणि बास्केटबॉल संघ हे कोट्यवधी लोकांच्या कौटुंबिक जिव्हाळ्याचा विषय आहेत. अमेरिकेत शिक्षणासाठी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना या जगाची ओळख पहिल्याच सत्रात होते. मोटार उद्योगामुळे डेट्रॉइट परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील मुले तर या जगातच वाढतात.

या निष्ठेचे एक वैशिष्ट्य प्रथमच ध्यानात घ्यावे लागते. विद्यापीठाचा खेळाडू साधारणपणे चार हंगाम खेळतो आणि निघून जातो. चाळीस वर्षे संघामागे उभ्या राहिलेल्या चाहत्याच्या डोळ्यांदेखत दहा पूर्ण संघ बदललेले असतात. तो ज्याच्याशी बांधलेला असतो ते म्हणजे विद्यापीठाचे नाव, रंग, गीत आणि ठरलेले प्रतिस्पर्धी. गेल्या काही वर्षांत न्यायालयीन निकाल, प्रक्षेपण हक्कांचा पैसा आणि खेळाडूंच्या स्थलांतराचे नवे नियम यांमुळे हा पाया हलू लागला आहे. मिशिगन विद्यापीठाच्या उदाहरणातून या परंपरेची आणि तिच्यापुढील प्रश्नांची ही ओळख.

दोन खेळ, दोन ऋतू

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लंबगोलाकार चेंडू हातात घेऊन धावणे किंवा फेकणे हा या खेळाचा गाभा आहे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी अकरा खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारावी लागते. ती मारली की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडूसह प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचल्यास ‘टचडाउन’चे सहा गुण, त्यानंतर यशस्वी लाथेने एक अतिरिक्त गुण आणि मैदानातून खांबांमधून चेंडू धाडल्यास ‘फील्ड गोल’चे तीन गुण मिळतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाला अमेरिकेत सॉकर म्हणतात. मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांच्यात २०१४ मध्ये झालेल्या सॉकर सामन्यालाही याच मिशिगन स्टेडियमवर १,०९,३१८ प्रेक्षकांची गर्दी झाली होती.

विद्यापीठीय फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो. प्रत्येक संघाचे नियमित हंगामात बाराच सामने असतात आणि ते बहुतेक शनिवारी होतात. सामने इतके मोजके असल्यामुळे एक पराभवही वर्षभर सलतो. ॲन आर्बरमध्ये दुपारी बारा वाजता सुरू होणारा सामना भारतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री साडेनऊला, तर अमेरिकेतील घड्याळे नोव्हेंबरमध्ये मागे गेल्यानंतर रात्री साडेदहाला दिसतो.

फुटबॉलचा ज्वर ओसरण्यापूर्वीच नोव्हेंबरच्या आरंभी बास्केटबॉल सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. नियमित हंगामात तीसच्या आसपास सामने असतात. तेथील हिवाळ्यात सायंकाळी सात वाजता सुरू होणारा सामना भारतात पहाटे साडेपाचला पाहता येतो. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत, तर महिलांचा दहा मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो. दोन्ही खेळांचा चाहता असलेल्या कुटुंबाचे वर्ष असे ऑगस्ट ते एप्रिल भरलेले असते.

विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली असतात. मिशिगनचा गट ‘बिग टेन’ या नावाने ओळखला जातो. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या या गटात आज नावाप्रमाणे दहा नव्हे, तर अठरा विद्यापीठे आहेत. या सर्वांवर नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच ‘एनसीएए’ या संस्थेचे नियमन असते.

फुटबॉलमधील राष्ट्रीय विजेता ठरवण्याची पद्धत दीर्घकाळ विलक्षण होती. अंतिम सामना नसे. पत्रकार आणि प्रशिक्षक यांच्या मतदानाने क्रमवारी ठरे. १९९७ मध्ये मिशिगनने सर्व सामने जिंकले आणि असोसिएटेड प्रेसच्या मतदानात पहिला क्रमांक मिळवला. प्रशिक्षकांनी मात्र नेब्रास्काला कौल दिला. त्यामुळे त्या वर्षी दोन विजेते मानले जातात. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली आणि २०२४ पासून ती बारा संघांची झाली.

‘बिग हाउस’मधील शनिवार

मिशिगन विद्यापीठाची स्थापना १८१७ मध्ये डेट्रॉइट येथे झाली आणि १८३७ मध्ये ते ॲन आर्बरला आले. विद्यापीठाच्या संघाने पहिला फुटबॉल सामना १८७९ मध्ये खेळला. फिल्डिंग योस्ट या प्रशिक्षकाच्या संघाने १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे पहिल्या ‘रोझ बोल’ सामन्यात स्टॅनफर्डचा ४९-० असा पराभव केला. मोठे स्टेडियम बांधण्याचा आग्रहही योस्ट यांचाच. १९२७ मध्ये ते खुले झाले, तेव्हा त्याची मूळ क्षमता ७२ हजार होती. जमिनीत खोदून बांधलेले असल्याने बाहेरून ते फारसे उंच भासत नाही. आत शिरल्यावरच त्याचा आवाका कळतो. चाहते त्याला ‘बिग हाउस’ म्हणतात.

८ नोव्हेंबर १९७५ पासून येथील प्रत्येक घरच्या सामन्याला एक लाखाहून अधिक प्रेक्षक उपस्थित राहिले आहेत. अपवाद फक्त २०२० चा. त्या कोविड हंगामात प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. ७ सप्टेंबर २०१३ रोजी नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला १,१५,१०९ प्रेक्षक होते आणि तो या मैदानाचा उच्चांक आहे. या काळात संघ नेहमीच चांगला होता असे नाही. अनेक हंगाम निराशेचे गेले. आसने मात्र भरत राहिली.

शनिवारची सुरुवात मैदानाबाहेर होते. सामन्याच्या काही तास आधी परिसरातील वाहनतळ आणि विद्यापीठाचे गोल्फ मैदान मोटारींनी भरून जाते. मोटारीचा मागचा भाग उघडून तेथेच शेगड्या पेटवायच्या, खायचे, गप्पा मारायच्या, या प्रथेला ‘टेलगेटिंग’ म्हणतात. अनेक कुटुंबांची जागा ठरलेली असते. शिक्षण संपवून देशभर विखुरलेले मित्र वर्षातून एकदा तेथेच भेटतात.

आत विद्यापीठाचा वाद्यवृंद बोगद्यातून धावत मैदानात येतो. त्याचा म्होरक्या मागे वाकून डोके जमिनीला टेकवतो आणि लाखभर लोक आरोळी देतात. त्यानंतर खेळाडू धावत येतात आणि मैदानाच्या मध्यावर धरलेल्या निळ्या फलकाला उडी मारून स्पर्श करतात. ‘द व्हिक्टर्स’ हे विद्यापीठाचे विजयगीत लुई एल्बेल या विद्यार्थ्याने १८९८ मध्ये शिकागो विद्यापीठावरील विजयानंतर रचले. विद्यापीठाचे रंग मक्याच्या दाण्यासारखा पिवळा आणि निळा. संघाचे नाव ‘वॉल्वरिन्स’. पुढच्या बाजूला पंखांसारखी आकृती असलेले शिरस्त्राण १९३८ मध्ये प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी आणले. ते आजही बदललेले नाही.

या प्रेक्षकांत माजी विद्यार्थी असतात, तसेच विद्यापीठाची पायरीही न चढलेले असंख्य लोक असतात. डेट्रॉइट परिसरातील मोटार कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या कामगारालाही हा संघ आपला वाटतो. विद्यापीठ राज्याचे, म्हणून संघ आपला, अशी ही सरळ भावना आहे. कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे फुटबॉल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही भावना परकी वाटणार नाही. खेळाडू बदलतात, तालीम बदलत नाही.

नोव्हेंबरचा अखेरचा शनिवार

मिशिगनच्या चाहत्याचे वर्ष एका सामन्याभोवती फिरते. शेजारच्या ओहायो राज्यातील ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धची लढत १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९३५ पासून ती सर्वसाधारणपणे नियमित हंगामाच्या अखेरीस होते. या वैराला इतिहासाची एक जुनी किनारही आहे. १८३५-३६ मध्ये टोलिडो शहराच्या पट्ट्यावरून दोन्ही प्रदेशांत सीमावाद पेटला होता. शेवटी टोलिडो ओहायोला आणि उत्तरेकडील विस्तीर्ण द्वीपकल्प मिशिगनला मिळाला.

या मालिकेतील कथा चाहत्यांना तोंडपाठ असतात. २५ नोव्हेंबर १९५० रोजी कोलंबस शहरात हिमवादळात सामना झाला. मिशिगनला संपूर्ण सामन्यात चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल एकदाही मारता आली नाही, तरीही तो संघ ९-३ असा जिंकला. १९६९ मध्ये बो शेम्बेक्लर मिशिगनचे प्रशिक्षक झाले. ते ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वूडी हेज यांचे माजी सहायक होते. आदल्या वर्षी ५०-१४ अशी धूळ चारणाऱ्या ओहायो स्टेटला त्यांनी पहिल्याच प्रयत्नात २४-१२ असे नमवले. पुढील दहा वर्षे गुरू आणि शिष्य यांच्यात चाललेली झुंज ‘दहा वर्षांचे युद्ध’ म्हणून ओळखली जाते.

२०१२ ते २०१९ या काळात ओहायो स्टेटने सलग आठ वेळा मिशिगनला हरवले. शाळेत जाऊ लागलेले मूल महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर पोहोचेपर्यंत त्याने हा विजय पाहिलेलाच नव्हता. २०२१ मध्ये ॲन आर्बरला मिशिगनने ४२-२७ असा विजय मिळवला तेव्हा प्रेक्षक मैदानात उतरले. त्या विजयासह मिशिगनने सलग चार वेळा हा सामना जिंकला. त्यातील २०२४ ची कथा सर्वांत बोलकी आहे. त्या वर्षी मिशिगनचा संघ सामान्य होता. अकरापैकी पाच सामने तो हरला होता. बलाढ्य ओहायो स्टेटला त्याने त्यांच्याच मैदानावर १३-१० असे हरवले. ओहायो स्टेटने पुढे बाद फेरी गाठून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, तरी त्या एका पराभवाचा उल्लेख त्यांच्या चाहत्यांना ऐकावाच लागतो. २०२५ मध्ये ओहायो स्टेटने ॲन आर्बरला येऊन २७-९ असा विजय मिळवला आणि मालिका तोडली.

मिशिगनची दुसरी लढत राज्यातीलच मिशिगन स्टेट विद्यापीठाशी असते. २०१५ मध्ये अवघे दहा सेकंद उरले असताना मिशिगन आघाडीवर होता. चेंडू लाथेने दूर पाठवला की विजय नक्की होता. चेंडू हातातून निसटला, मिशिगन स्टेटच्या खेळाडूने तो घेऊन टचडाउन केले आणि सामना २७-२३ असा फिरला. त्याआधी १ सप्टेंबर २००७ रोजी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला ॲपलॅचियन स्टेट या खालच्या श्रेणीतील संघाने त्याच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले होते. हे दोन दिवस चाहते आजही विजयांइतक्याच तपशिलाने सांगतात.

मिनेसोटा विद्यापीठाशी असलेल्या लढतीचा करंडक म्हणजे मातीचा एक जुना पाण्याचा घडा. १९०३ मध्ये मिशिगनचा संघ तो मिनिॲपोलिसमध्ये विसरून आला आणि यजमानांनी तो परत हवा असेल तर जिंकून न्या, असे कळवले. तीस सेंटला घेतलेल्या या घड्यासाठी शतकाहून अधिक काळ दोन संघ झुंजत आहेत.

क्रायस्लर सेंटर आणि मार्च महिना

बास्केटबॉल संघाचे घर म्हणजे १९६७ मध्ये खुले झालेले क्रायस्लर सेंटर. त्याचे नाव मोटार कंपनीवरून नव्हे, तर वर उल्लेखिलेल्या फुटबॉल प्रशिक्षकावरून आहे. सुमारे पावणेतेरा हजार प्रेक्षकांच्या या सभागृहात ‘मेझ रेज’ नावाचा विद्यार्थी चाहत्यांचा गट मैदानालगत उभा राहून सामना पाहतो. स्टेडियमच्या तुलनेत येथे चाहता आणि खेळाडू यांच्यातील अंतर फार कमी असते.

या खेळाचा कळस मार्चमध्ये असतो. राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली आणि २०११ पासून पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ आहेत. एक पराभव म्हणजे स्पर्धेबाहेर. स्पर्धेपूर्वी संपूर्ण देशात लोक तक्त्यावर प्रत्येक सामन्याचा अंदाज लिहून काढतात. कार्यालयांपासून राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापर्यंत हा छंद पोहोचलेला आहे.

मिशिगनने पुरुषांचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९८९ मध्ये मिळवले आणि ते नाट्यमय रीतीने मिळवले. स्पर्धा तोंडावर असताना प्रशिक्षक बिल फ्रिडर यांनी ॲरिझोना स्टेट विद्यापीठात जाण्याचे ठरवल्याचे उघड झाले. त्या वेळी विद्यापीठाचे क्रीडा संचालक असलेल्या शेम्बेक्लर यांनी त्यांना स्पर्धा संपेपर्यंतही थांबू दिले नाही. मिशिगनच्या संघाला मिशिगनचाच माणूस शिकवील, अशी त्यांची भूमिका होती. सहायक प्रशिक्षक स्टीव्ह फिशर यांनी सूत्रे घेतली आणि संघाने सलग सहा सामने जिंकले. सिॲटलमधील अंतिम सामन्यात अतिरिक्त वेळेत तीन सेकंद बाकी असताना रुमिल रॉबिन्सनने दोन्ही मुक्त फेक साधले आणि सीटन हॉलचा ८०-७९ असा पराभव झाला. ग्लेन राइसने त्या स्पर्धेत एकूण १८४ गुण मिळवून विक्रम केला.

महिलांच्या बास्केटबॉललाही आता स्वतंत्र चाहतावर्ग लाभला आहे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोवाच्या केटलिन क्लार्कने एनसीएएच्या महिला बास्केटबॉलमधील सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला तो मिशिगनविरुद्धच. त्या सामन्यात तिने ४९ गुण केले. त्याच वर्षी महिलांच्या अंतिम सामन्याला दूरचित्रवाणीवर पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक प्रेक्षक मिळाले. शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने घातलेल्या पायावर ही इमारत उभी आहे.

उतरवलेले ध्वज

१९९१ मध्ये पाच नवे विद्यार्थी मिशिगनच्या बास्केटबॉल संघात आले : क्रिस वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग आणि रे जॅक्सन. ‘फॅब फाइव्ह’ या नावाने ते देशभर गाजले. ढगळ चड्ड्या, काळे मोजे आणि बेधडक खेळ यांनी त्यांनी एका पिढीची आवड बदलली. पहिल्या वर्षी ते अंतिम सामन्यात ड्यूककडून हरले. दुसऱ्या वर्षी, ५ एप्रिल १९९३ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध अकरा सेकंद उरले असताना दोन गुणांनी मागे असलेल्या मिशिगनच्या वेबरने विश्रांतीची खूण केली. संघाकडे एकही विश्रांती शिल्लक नव्हती. दंड झाला आणि सामना ७७-७१ असा गेला.

पराभवापेक्षा मोठा धक्का पुढे होता. मोटार कारखान्यांत बेकायदा आकड्यांचा जुगार चालवणाऱ्या एड मार्टिन या संघसमर्थकाने वेबरसह चार खेळाडूंना एकूण ६ लाख १६ हजार डॉलर दिल्याचा आरोप सरकारी वकिलांनी ठेवला. २००२ मध्ये मार्टिनने काळा पैसा पांढरा करण्याच्या कटाचा गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी विद्यापीठाने स्वतःहून त्या काळातील विजय रद्द केले आणि क्रायस्लर सेंटरच्या छतावरून १९९२ व १९९३ चे ध्वज उतरवले.

चाहत्यांपुढील पेच येथून सुरू होतो. नोंदवहीत जे घडलेच नाही, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. काहींच्या मते ध्वज उतरवणे ही विद्यापीठाच्या प्रतिष्ठेची किमान किंमत होती. इतरांचा प्रश्न असा की, ज्या खेळाडूंच्या नावाच्या बनियनी विकून आणि ज्यांचे सामने दाखवून सर्वांनी पैसा कमावला, त्यांनाच पैसे घेतल्याबद्दल पुसून का टाकायचे? मार्टिनचा पैसा गुन्ह्यातून आलेला होता, ही बाब या वादात विसरता येत नाही. मात्र खेळाडूने कमाई करणे हाच मुळात गुन्हा, हा जुना नियम आज उरलेला नाही.

फुटबॉलमध्येही असाच प्रश्न उभा राहिला. २०२३ च्या हंगामात जिम हार्बॉ यांच्या मार्गदर्शनाखाली मिशिगनने सर्व पंधरा सामने जिंकले. एकूण एक हजार विजयांचा टप्पा गाठणारा पहिला विद्यापीठीय संघ होण्याचा मानही त्याच हंगामात मिळाला. ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टन येथे वॉशिंग्टन विद्यापीठावर ३४-१३ असा विजय मिळवून संघ राष्ट्रीय विजेता झाला. परंतु हंगाम चालू असतानाच, संघाच्या एका कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे पाठवून त्यांच्या खाणाखुणा टिपण्याची योजना राबवल्याचे उघड झाले. बिग टेनने हार्बॉ यांना नियमित हंगामातील अखेरच्या तीन सामन्यांसाठी निलंबित केले. ऑगस्ट २०२५ मध्ये एनसीएएने लक्षावधी डॉलरचा दंड आणि अन्य निर्बंध लादले. विजेतेपद मात्र कायम ठेवले. प्रतिस्पर्धी त्या करंडकाकडे संशयाने पाहतात. मिशिगनचा प्रामाणिक चाहता आनंद आणि अवघडलेपण दोन्ही बाळगतो.

पैसा, स्थलांतर आणि न्यायालय

शतकभर विद्यापीठीय खेळाडू ‘हौशी’ मानला जात होता. शिष्यवृत्तीपलीकडे त्याला काही घेता येत नसे. जून २०२१ मध्ये ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. लगेच १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव, छायाचित्र आणि प्रतिमा यांच्या वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीस मंजुरी दिली. त्यानुसार माजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई मिळणार आहे आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटा देऊ शकते.

दुसरा बदल स्थलांतराचा आहे. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉल वा बास्केटबॉलपटूला सामान्यतः एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०१८ मध्ये बदलीची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, २०२१ मध्ये एकदा आणि २०२४ मध्ये कितीही वेळा, अभ्यासाच्या अटी पाळून, न थांबता विद्यापीठ बदलण्याची परवानगी मिळाली. बास्केटबॉलमध्ये आज एखाद्या संघाचे बहुतेक सर्व खेळाडू एका उन्हाळ्यात बदलू शकतात. पूर्वी चाहता एखाद्या नवख्याला चार वर्षांत घडताना पाहत असे. आता गेल्या हंगामात विरोधात खेळलेला तरुण यंदा आपल्या रंगात दिसतो.

तिसरा बदल नकाशाचा आहे. बिग टेनने २०२२ मध्ये केलेल्या सात वर्षांच्या प्रक्षेपण कराराचे मूल्य सात अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्याच ओढीने २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील चार विद्यापीठे या गटात आली. ॲन आर्बर ते लॉस एंजेलिस हे अंतर तीन हजार किलोमीटरहून अधिक आहे. पश्चिमेकडील जुना ‘पॅक-१२’ गट त्या वर्षी दोन सदस्यांवर आला. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातील शतकाहून जुनी वार्षिक फुटबॉल लढतही गट बदलल्यामुळे २०२४ मध्ये थांबली. ज्या शेजारवैरावर ही संस्कृती पोसली, त्यालाच या पुनर्रचनेची सर्वाधिक झळ बसली.

खेळाडूंच्या दृष्टीने पाहता या बदलांची बाजू न्यायाची आहे. फुटबॉलमध्ये दुखापतींचा धोका मोठा असतो आणि व्यावसायिक स्तरावर पोहोचणारे फार थोडे असतात. मिशिगनमधून टॉम ब्रेडीसारखा खेळाडू घडला हे खरे. त्याच्यासोबत सरावाला उभे राहिलेल्या बहुतेकांची कारकीर्द मात्र विद्यापीठातच संपली. प्रशिक्षक कोट्यवधी डॉलर घेत असताना त्यांना केवळ शिष्यवृत्तीवर समाधान मानावे लागे. दुसरीकडे, नव्या निधीचा बहुतांश भाग फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे वळत असल्याने जलतरण, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स आणि महिलांच्या संघांचे काय होणार, ही चिंता अनेक विद्यापीठांत व्यक्त होत आहे.

चाहत्यांपुढील प्रश्न

तिकिटांचे वाढते दर, दूरचित्रवाणीच्या सोयीने बदलणाऱ्या वेळा आणि दरवर्षी नवे चेहरे यांमुळे जुना चाहता कुरकुरतो. विद्यापीठाचा संघ आणि व्यावसायिक संघ यांत आता फरक काय, असा त्याचा सवाल असतो. त्याचे पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही.

तरीही काही गोष्टी जागच्या जागी आहेत. विद्यार्थी आजही प्रवेश घेतल्यानंतरच्या पहिल्या शरद ऋतूत विजयगीत शिकतो. आजोबांच्या जागेवर नातू बसतो. मिनेसोटाचा घडा अजून खेळला जातो. नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी मिशिगन आणि ओहायो या दोन राज्यांतील रस्ते दुपारी ओस पडतात. या लढतीची तारीख बदलण्याची कल्पना निघाली की दोन्ही बाजूंचे चाहते, एरवी कशावरही एकमत न होणारे, एकत्र विरोध करतात.

खेळाडूला मोबदला मिळावा आणि तरीही संघ आपला वाटावा, या दोन्ही अपेक्षा एकाच वेळी पूर्ण होतील का, याची परीक्षा येत्या काही हंगामांत होईल. क्रायस्लर सेंटरच्या छतावरून ध्वज उतरवले गेले तेव्हा तेथे बसलेल्या प्रेक्षकांनी आपली जागा सोडली नव्हती. चाहत्यांच्या त्या सवयीवरच विद्यापीठीय क्रीडाव्यवस्थेचा सारा व्यवहार उभा आहे. ही सवय आपल्याला गृहीत धरता येईल, असे विद्यापीठे, गट आणि प्रक्षेपण कंपन्या मानून चालल्या आहेत. ती पुढच्या पिढीकडे आपोआप जाईल की नाही, हे मात्र येणाऱ्या शनिवारांनाच ठरवायचे आहे.